बेगमचं वजन

दाऊद, तुझी बेगम काल अखेर काट्यावर चढली.

कुणाचा गैरसमज नको म्हणून सांगतो, बेगम म्हणजे रुबिनावहिनी नव्हेत. बेगम म्हणजे तुझी तपकिरी पिकअप. सात पॉइंट चार लिटरचं इंजिन असलेलं अमेरिकन धूड, जिला पेट्रोल पाजता पाजता तुझे केस पांढरे झाले आणि जिच्यावरून आपण आठ-नऊ वर्षं भांडलो. माझी निळी गंगी साडेसात लिटरची. इंजिनात फरक एवढासा, पण त्यावर आपले किती शुक्रवार खर्ची पडले ते आपल्या बायकांना विचारावं. बेगम जड की गंगी जड, आणि त्या वजनाला कुठली जास्त पळते, एवढा एकच प्रश्न होता. दोन्ही गाड्या एकदा काट्यावर घालू म्हणत राहिलो. तू गेल्याचा चाळिसावा दिवसही अजून व्हायचाय, आणि काटा आत्ता झाला. तुझ्याशिवाय झाला, याचा मला फार राग आलाय. कुणावर काढू ते कळत नाही, म्हणून तुझ्यावरच काढतो.

मला उठताबसता ‘मेल्या’ म्हणायचास. ‘दत्त्या मेल्या, फोन का नाय उचललास?’ ‘मेल्या, जेवलास का?’ तुमच्या कोकणात तो लाडाचा शब्द, मीही सवयीनं लाडानंच ऐकायचो. आणि मेला कोण? तू. ऑफिसात, दुपारचा चहा पिता पिता. कप नीट बशीत ठेवलास म्हणे, मग टेबलावर डोकं टेकलंस. लोकांना वाटलं डुलकी लागली. अबू हमूरच्या कब्रस्तानात मी भिंतीपाशी उभा होतो, पुढं जावं की नाही कळत नव्हतं. तुमच्या मशिदीतल्या एका म्हाताऱ्या चाचांनी माझा हात धरून नेलं. म्हणाले, ‘तुम्ही पण माती द्या, त्याला बरं वाटेल.’ दिली. इथली माती म्हणजे वाळूच, मूठ भरेपर्यंत अर्धी गळून जाते. तेवढ्यातही माझ्या डोक्यात आलं की वाळूत रुतायची तुला भारी हौस. रडता रडता हसू आलं आणि चाचा माझ्याकडं बघायला लागले.

बघ, लिहिताना पुन्हा ‘भारी’ लिहून गेलो. सगळी भानगड त्याच शब्दानं सुरू झाली होती.

नव्याण्णवचा हिवाळा, इथं आखातातला. मी नुकतीच गंगी घेतली होती, एका उंटवाल्या कतरी म्हाताऱ्याकडून. आत चाऱ्याचा असा वास की माझी बायको शैला पहिले काही महिने नाकाला ओढणी लावूनच बसायची. आम्ही सीलाइनच्या वाळूच्या टेकड्यांकडं गेलो होतो, तर पायथ्याला तुझी गाडी दारापर्यंत वाळूत बसलेली. दोन कतरी पोरं आपल्या जपानी जीपनं ओढून ओढून थकली होती. एकजण मान हलवत म्हणत होता, ‘थकील, वायद थकील.’ थकील म्हणजे जड, हे मला तेव्हा कुठं ठाऊक? मला दिसलं ते एवढंच, की माझ्यासारखाच एक वेडा या गावात आहे. त्यात तू बायकोला मराठीत ओरडत होतास, ‘रुबिना, तू उतर आधी, बघतेस काय!’ मला तर देव भेटल्यासारखं झालं.

मी जवळ येऊन म्हणालो, ‘भाऊ, गाडी लई भारी आहे तुमची.’

तू वर बघितलंस. तोंडात वाळू, मिशीत वाळू. ‘भारी? माझी भारी? तुझी भारी. तुझी तर माझ्याहून दुप्पट भारी.’

मी लाजलो आणि म्हणालो, ‘थँक्यू.’

आमच्या कोल्हापुरात जे चांगलं ते भारी. पिक्चर भारी, रस्सा भारी, पोरगी भारी. आणि तुमच्या घरच्या मराठीला उर्दूची फोडणी, तिथं भारी म्हणजे जड, बोजड, न हलणारं. अरबानं आधीच जखमेवर मीठ चोळलं होतं, वर मी येऊन तेच मराठीत बोललो. तू मला शिवी घातलीस आणि मी आभार मानले. पुढं कित्येक महिने तू सगळीकडं सांगत फिरलास की हा दत्त्या असा निर्लज्ज माणूस आहे.

पण गंगीनं तुला त्या दिवशी ओढून काढलं. आणि तुझा नेम होता, रुतलेली गाडी जो काढेल त्याला घरी जेवायला बोलवायचं, मग तो कितीही निर्लज्ज असो. पुढच्या शुक्रवारी आम्ही ओल्ड एअरपोर्टच्या तुमच्या फ्लॅटवर आलो. वहिनींनी कोंबडीच्या रश्श्याबरोबर सांदण केलं होतं, तांदळाचं, वाफेवरचं. मी जन्मात पहिल्यांदा खाल्लं. मनापासून म्हणालो, ‘वहिनी, सांदण लई भारी झालंय.’

वहिनींचा चेहरा पडला. हळूच म्हणाल्या, ‘फुगलं नाही का नीट?’

तू हात धुवायलाच उठलास. ‘आधी माझी गाडी, आता माझ्या बायकोचं सांदण. जेवायला आलास का वजन करायला आलास?’

शैलाला ठसका लागला. मास्तरणीची मुलगी ती, तिच्या पटकन ध्यानात आलं. ती पाणी प्यायली आणि तिनं तुम्हा दोघांना समजावून सांगितलं की आमच्याकडं भारी म्हणजे उत्तम. तू खाली बसलास.

‘म्हणजे सीलाइनला तू तारीफ करत होतास?’

‘होय की.’

‘आणि मी तुला काय काय बोललो.’

‘मी थँक्यू म्हणालो.’

त्यावर तू असा हसलास की खालच्या मजल्यावरचा मलबारी वर बघायला आला. तुमची सना तेव्हा एवढीशी होती, तीही कशाला हसतोय हे न कळता टाळ्या पिटत होती. भांडण तिथं संपायला हवं होतं. उलट तिथनंच नीट सुरू झालं, कारण जाताना जिन्यात तू म्हणालास, ‘पण एक बोलतो हां दत्त्या, जड तुझीच आहे.’

तुझं म्हणणं, गाडी पळवायची तर हलकी हवी. ताकद तीच राहिली आणि वजन कमी झालं की झाली ना गाडी पळती. माझं म्हणणं, वजन हवं. वजनाशिवाय मागची चाकं जमीन धरत नाहीत, नुसती गरगरतात. असल्या गाड्यांचं सगळं ओझं पुढं, इंजिनातच, मागचा हौदा मोकळा. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, आणि थोडं खरं असलेला माणूस फार भांडतो. मी गंगीच्या दाराच्या कडेला लावलेल्या पट्टीवरचं वजन मोठ्या ऐटीत तुला वाचून दाखवलं होतं, आठवतं? तू चष्मा लावून वाचलंस आणि म्हणालास, ‘मेल्या, हे भरल्या गाडीचं आहे. एवढ्यापर्यंत माल भरा, असं लिहिलंय.’ मी वर्षभर माल धरून वजन सांगत होतो.

दुखानच्या रस्त्यावरच्या आपल्या शर्यती आठवतात. शर्यत कसली, रस्ता रिकामा बघून दोन गाड्या एकदम सोडायच्या आणि पुढच्या खांबाशी आधी कोण ते बघायचं. सुटण्याआधी तू बेगम रिकामी करायचास. स्टेपनी काढ, जॅक काढ, मागचं फळकं काढ, सीटखालचा संसार काढ. शेवटी वहिनी आणि सना. रस्त्याकडेला चटई, चटईवर त्या दोघी, थर्मास आणि तुझं सगळं सामान. वहिनी शैलाला म्हणाल्या होत्या, ‘मी उतरले की गाडी जास्त पळते, असं यांनी अख्ख्या ओल्ड एअरपोर्टला सांगून ठेवलंय.’ सुटताना बेगम पुढं जायची, हे मी तू जिवंत असताना कधी कबूल केलं नाही, आता करतो. पण पुढं गंगी गाठायची, हे तूही कर. उन्हाळ्यात तर दोघीही अर्ध्यात फुरफुरून बंद पडायच्या. नळीतलं पेट्रोलच उकळायचं. मग वहिनींची ओढणी ओली करून पंपावर गुंडाळायची आणि बॉनेट उघडं टाकून चहा प्यायचा. त्या ओढण्यांवरून तू घरी किती ऐकून घेतलंस ते मला वहिनींनीच सांगितलं.

आपलं खरं भांडण पुढं वेगळ्याच जागी येऊन अडकलं. तू म्हणायचास, वजन करायचं तर नुसत्या गाडीचं करायचं, रिकाम्या. मी म्हणायचो, जशी रोज चालते तशी तोल. सामान काढून तोलायची ती काय गाडी? नवरीला दागिने काढून बघायला बोलवतोस होय? तू म्हणायचास, ‘दागिने कशाला मोजायचे? नवरी बघ.’ आणि मग इंडस्ट्रियल एरियातल्या काट्यावर जायचं ठरायचं. येत्या शुक्रवारी, इन्शाल्ला. पण शुक्रवारी काटा बंद आणि बाकीचे दिवस आपण बंद, ऑफिसात. एवढ्या वर्षांत आपल्या हे एकदाही ध्यानात आलं नाही, असं नाही. आपल्याला काटा नकोच होता. निकाल लागला असता तर शुक्रवारी बोलायचं काय?

एक दिवस मात्र तू वजनाचं नाव काढलं नाहीस. माझी पहिली नोकरी गेली तेव्हाची गोष्ट. मदिनत खलिफाचा व्हिला कंपनीचा, तो सोडायचा, अल हिलालला दोन खोल्या मिळाल्या होत्या. गंगी नेमकी गॅरेजमध्ये. तू न सांगता आलास. फ्रिज, कपाट, पलंग, शैलाची शिलाईमशीन, देव्हारा. देव्हारा तू हौद्यात ठेवला नाहीस. वहिनींना मागं सामानाजवळ बसवलंस आणि देव्हारा पुढच्या सीटवर, पट्टा बांधून. बेगमचा मागचा भाग असा दबला होता की चाकं कमानीला घासत होती. किती खेपा झाल्या. हलकेपणाचा एक शब्द तुझ्या तोंडून निघाला नाही. संध्याकाळी जिन्यात बसून पेप्सी पिताना मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणालास, ‘खलास. नोकरी येते. तू आधी जेव.’ नोकरी आली. तुला शुक्रन म्हणायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात तू गंगीचा सायलेन्सर कसा फालतू आहे ते सांगायला लागलास.

तर आता कालचं.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. इद्दतीत आहेत, नवऱ्यामागं पाळायचे ते चार महिने, घराबाहेर पडत नाहीत. ती संपली की सनाला घेऊन गावी जातील. म्हणाल्या, ‘भाऊजी, गाडीचं बघा. कुणी घेत असेल तर द्या, नाहीतर भंगारात घाला. ती खिडकीखाली उभी असते. सकाळी पडदा सरकवला की मला वाटतं हे आले.’ चार जणांना विचारलं. असल्या गाडीला आता कोण विचारतो? शेवटी भंगारवाल्यालाच फोन केला. तो म्हणाला, घेऊन या, वजनावर घेतो.

वजनावर. म्हणजे जे आपण दोघांनी एवढी वर्षं टाळलं, ते आता तुझ्या बेगमची मोडतोड करण्यासाठी होणार. मला रात्रभर तेच खुपत राहिलं. सकाळी शैलाला म्हटलं, रजा टाकतो, आणि तू गंगी घेऊन मागनं ये. तिनं चावी घेतली आणि म्हणाली, ‘तोलायचीच तर दोघींना तोला.’

सना माझ्याशेजारी बेगममध्ये बसली. केवढी झालीय रे ती. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजी. ‘अंकल, विल दे क्रश हर?’ असं विचारलं तिनं. मी म्हणालो, बघू.

काट्यावरचा माणूस पेशावरचा पठाण. आधी गंगीला घेतलं. शैला काट्यावर गाडी उभी करून स्वतःहूनच खाली उतरली, म्हणाली, ‘मला धरू नका त्यात.’ मग बेगम, सना आणि मीही खाली उतरलो. आकडा आला. मी दोनदा विचारून घेतला. जिला तू हलकी म्हणायचास ती बेगम गंगीपेक्षा शंभरेक किलोनं जड! दाऊद, मी हात वर केले. ‘बघ!’ म्हणून ओरडलो. आणि बघायला कुणी नव्हतं. सना माझ्याकडं बघत होती.

तेवढ्यात पठाण म्हणाला, ‘साब, सामान निकालो. हम लोहा लेता है, सामान नहीं.’

मी काढायला लागलो. सीटमागून साखळी निघाली, जिनं तू मला कितीदा ओढलंस. हौद्यातल्या पेटीतून वाळूत चाकाखाली घालायचे पत्रे, दोन जॅक, हवेचा पंप, पाण्याचे कॅन, फावडं. आणि दोन स्टेपन्या. एक बेगमची. दुसरी मी उचलली आणि तशीच धरून उभा राहिलो. नटांची भोकं मोजली. ती बेगमला बसतच नाही. ती गंगीची आहे. मागं एकदा सलवा रोडला माझं चाक फाटलं आणि आम्ही उन्हात बसून राहिलो, तेव्हा तू फोनवर मला मेल्या मेल्या म्हणून शिव्या घातल्या होत्यास. त्यानंतरच कधीतरी ती घेतली असशील. सांगितलं नाहीस. स्वतःची गाडी हलकी, हलकी म्हणून छाती पिटत फिरलास आणि माझं चाक वागवत राहिलास.

आणि गंगीत काय होतं? एक पाण्याची बाटली आणि शैलाची जुनी चप्पल. मी कधी काही ठेवलंच नाही. तुझ्याकडं असायचं ना सगळं.

पठाणानं रिकामी बेगम पुन्हा तोलली. गंगीपेक्षा हलकी निघाली. थोडीथोडकी नाही, चांगली हलकी. म्हणजे नुसती नवरी बघितली तर तू जिंकलास आणि दागिन्यांसकट बघितली तर मी. हा निकाल तुला सांगायला मी फोन खिशातून बाहेरसुद्धा काढला, इतकी सवय.

पठाण म्हणाला, ‘खलास? छोड़ना है?’

मी म्हणालो, ‘नाही.’ मराठीतच म्हणालो, पण त्याला कळलं.

सना आणि मी सामान परत भरलं. साखळी साखळीच्या जागी, पत्रे पत्र्यांच्या जागी. गंगीची स्टेपनी खरं तर गंगीत टाकायला हवी होती. नाही टाकली. शैला लांबून बघत होती, म्हणाली, ‘एका दावणीला दोन म्हशी कुठं बांधणार आहात?’ आमच्या बिल्डिंगमागं मोकळी जागा आहे ती तिनं आधीच बघून ठेवली होती, हे संध्याकाळी कळलं.

वहिनींना तिथनंच फोन केला. म्हणालो, ‘वहिनी, भंगारात देत नाही. तुमच्या खिडकीखाली दिसणार नाही, माझ्या खिडकीखाली राहील.’ पलीकडनं नाक ओढल्याचं ऐकू आलं. मला वाटलं रडतायत. मग म्हणाल्या, ‘काटा काय बोलला?’

‘रिकामी हलकी, भरलेली जड.’

‘म्हणजे दोघंही बरोबर?’

‘दोघंही.’

‘या अल्ला,’ वहिनी म्हणाल्या, ‘म्हणजे हे भांडण आता मिटायचं नाही.’ आणि हसल्या. तू गेल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

बेगम तिसऱ्या चावीला सुरू झाली, नेहमीसारखी. ते इंजिन गुरगुरलं आणि स्टिअरिंगपासून माझ्या कोपरापर्यंत सगळं थरथरलं. पुढं गंगीत शैला, मागं आम्ही. सलवा रोडला लागल्यावर मी मोठ्यानंच म्हणालो, ‘दाऊद, गाडी लई भारी आहे लेका तुझी.’

सनानं मान वळवली. ‘हेवी, अंकल? ऑर गुड?’

‘दोन्ही,’ मी म्हणालो. आणि सवयीनं जरा थांबलो, कारण इथं तू भांडायचास.